नऊ नंबरची जागा

आमच्या कंट्रोल रूममध्ये त्यांना सगळे ‘बिनचूक’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. मी त्यांना काका म्हणायचे. माझ्या वडिलांहून ते दोन वर्षांनी मोठे, आणि सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून काम शिकले. दुसरं काही म्हणणं मला जमलंच नसतं.

बंदराच्या तोंडाशी मनोरा आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर ही खोली. लोकांना वाटतं, तिथून दिवसभर समुद्र बघत बसायचं असतं. खरं तर खिडक्यांचे पडदे कायम ओढलेले असतात, कारण उजेड आला की रडारची स्क्रीन नीट दिसत नाही. समुद्र आम्ही बघतो तो ठिपक्यांमध्ये. प्रत्येक ठिपक्यापुढे एक छोटी रेघ, ती जहाज कुठे निघालंय ते सांगते.

रस्त्यावरच्या पोलिसाने शिट्टी वाजवली की गाडी थांबते. आमच्याकडे शिट्टी नाही. पुढे कोण आहे, वेग किती ठेवा, हे आम्ही वायरलेसवर सांगतो, पण सुकाणू कप्तानाच्या हातात. बंदराबाहेर जहाजांना दोन मार्गिका आखून दिल्या आहेत, एक येण्याची, एक जाण्याची. मधे रस्त्यावरच्या दुभाजकासारखा एक पट्टा, त्यात कोणी शिरायचं नाही. या मार्गिका चौदा वर्षांपूर्वी आखल्या, त्या समितीत काका होते. तीन वर्षांतल्या सगळ्या जहाजांच्या वाटा त्यांनी एका नकाशावर मांडल्या होत्या. माळरानावर माणसं चालून चालून पायवाट पडते, तशी त्या रेघांची दाट पट्टी दिसायला लागली, आणि तीच पट्टी सरळ करून मार्गिका झाली. मग मच्छीमारांच्या हरकती आल्या, तळाला बुडालेल्या एका जुन्या जहाजाला वळसा घालावा लागला, मंजुऱ्या झाल्या, आणि जगभरच्या नकाशांवर त्या रेघा छापून यायला आणखी दीड वर्ष लागलं.

येण्याच्या मार्गिकेच्या दक्षिणेला चौदा जागा राखून ठेवल्या आहेत. धक्का मोकळा होईपर्यंत जहाजांनी तिथे नांगर टाकून थांबायचं. कोणाला कुठली जागा द्यायची ते आम्ही ठरवतो. नऊ नंबरची जागा मार्गिकेच्या सर्वांत जवळची, कडेपासून अर्धा मैल. समितीतले बाकीचे पाव मैलावर राजी होते, काकांनी भांडून अर्धा मैल करून घेतलं होतं.

एका दुपारी खत भरलेलं एक मध्यम आकाराचं जहाज आलं. काकांनी त्याला नऊ नंबर दिला, कारण बाकीच्या जागा भरल्या होत्या आणि त्याचं काम फक्त चार दिवसांचं होतं. चौथ्या दिवशी कळलं, मालकाची कंपनी फोन उचलत नाही. दहाव्या दिवशी कळलं, कंपनीच्या पत्त्यावर आता दुसऱ्याच कोणाचं दुकान आहे. जहाजाची नोंदणी ज्या देशात होती तिथे कप्तान जन्मात गेलेला नव्हता, आणि त्या देशानेही कानावर हात ठेवले. बंदराने धक्का द्यायला नकार दिला. बेवारस जहाज एकदा धक्क्याला लागलं की निस्तरायचं कोणी? खलाशांना परवान्याशिवाय जमिनीवर उतरता येत नव्हतं, आणि जहाज माणसांशिवाय सोडायला कायद्याची बंदी होती. बारा माणसं नऊ नंबरवर अडकली. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. त्यांना तर आड आणि विहिरीच्या मधे उभं राहायलाही जमीन नव्हती.

सकाळी आठला नांगरावरच्या प्रत्येक जहाजाला आवाज द्यायचा, हा आमच्याकडचा नियम. जागेवर आहात का, माणसं किती, काही अडचण. सकाळची शिफ्ट बहुतेक काकांची असायची. वायरलेसवरची ती ठरावीक वाक्यांची भाषा ना काकांच्या घरातली होती, ना कप्तानाच्या. मी इथे ती आपल्या बोलण्यात सांगते आहे. कप्तानाचा आवाज खर्जातला, प्रत्येक शब्द सावकाश. पहिल्या महिन्यात तो अडचणी सविस्तर सांगायचा. पिण्याचं पाणी आठ दिवसांचं. डिझेल संपत आलं, जनरेटर दिवसाला दोनच तास. फ्रीज बंद. काका म्हणायचे, “समजलं. संदेश पुढे पाठवतो.” आणि खरंच पाठवायचे. तिसऱ्या महिन्यानंतर कप्तान एवढंच सांगू लागला, की माणसं बारा, अडचण तीच. रजिस्टरच्या रकान्यात काका सुवाच्य अक्षरात लिहीत: तीच.

संदेश पुढे जाऊन काय होतं ते मी बघत होते. बंदराच्या साहेबांकडून उत्तर यायचं की हा मालक आणि नोंदणी करणारा देश यांच्यातला प्रश्न आहे. नोंदणीवाले विमा कंपनीकडे बोट दाखवायचे, विमावाले म्हणायचे पॉलिसी संपली. नुसती टोलवाटोलवी. काकांनी स्वतःच्या सहीने पत्रं लिहायला सुरुवात केली, तेव्हा वरून तंबी आली की ऑपरेटरने ऑपरेटरचं काम करावं. खलाशांसाठी काम करणारी एक संस्था होती, तिचे लोक पंधरवड्यातून एकदा लाँचने तांदूळ, बटाटे आणि पाण्याचे कॅन नेऊन द्यायचे. तेवढाच त्या जहाजाला जगाचा स्पर्श.

काकू एकदा डबा द्यायला मनोऱ्यावर आल्या होत्या. मला म्हणाल्या, “समुद्रातल्या बारा माणसांना हे रोज हाक मारतात. घरात मी हाक मारली तर ऐकू येत नाही.” हसत म्हणाल्या, पण मग खालच्या आवाजात विचारलं, की त्या जहाजाचं पुढे काय होणार. काका हल्ली जेवताना मधेच थांबतात म्हणे.

पाचव्या महिन्यात आचाऱ्याची दाढ सुजली. कप्तानाने डॉक्टर मागितला. डॉक्टर पाठवायला लाँच हवी, लाँचला परवानगी हवी, परवानगीला जहाजाचा एजंट हवा, आणि एजंट कधीच काम सोडून गेला होता. काकांनी संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरला गाठलं, त्याच्याकडून सगळं पायरीपायरीने कागदावर लिहून आणलं आणि दुसऱ्या दिवशी वायरलेसवर वाचून दाखवलं. दोन दिवसांनी कप्तानाने कळवलं की दाढ निघाली, इंजिनवाल्याची पक्कड वापरली, आचारी आता भात खातो. काका त्या दिवशी खूश होते. मला चहा पाजला. नऊ महिन्यांत त्यांना खूश बघितलं ते तेवढंच.

आठव्या महिन्यातल्या एका सकाळी आठची विचारपूस झाल्यावर कप्तानाने वायरलेस सोडला नाही. म्हणाला, “केंद्र, एक प्रश्न आहे. माझं जहाज वाहत मार्गिकेत गेलं तर काय होईल?”

शेजारच्या फळीवरचं नियमांचं पुस्तक काकांना पाठ होतं, तरी त्यांनी ते काढलं, पान उघडलं आणि वाचून दाखवलं: मार्गिकेत ताबा सुटलेलं जहाज आढळल्यास केंद्र इतर वाहतूक थांबवेल किंवा वळवेल, आणि बंदर स्वतःच्या अधिकारात तीन तासांच्या आत टग पाठवून ते जहाज सुरक्षित जागी ओढून आणेल.

“आणि माणसं?”

“जहाज धक्क्याला आलं की माणसांची तपासणी होते.” मग काकांनी घाईने जोडलं, “हे मी इशारा म्हणून सांगतो आहे. मार्गिकेत जाणं धोक्याचं आहे.”

“समजलं,” कप्तान म्हणाला. “इशारा मिळाला.”

काकांनी पुस्तक जागेवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. रजिस्टरमध्ये त्या दिवशीही एकच शब्द लिहिला. तो खरंच इशारा होता की वाट दाखवली होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनी स्वतःलाही विचारलं नसावं.

सहा आठवडे काही झालं नाही. मग एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, स्वच्छ ऊन, वारा पडलेला, ओहोटी लागलेली. येण्याच्या मार्गिकेत गाड्या वाहून नेणारं एकच जहाज, तेही बरंच बाहेर. जाण्याच्या मार्गिकेत गॅस भरलेलं एक जहाज नुकतं निघालेलं. नऊ महिने आमचं बोलणं ऐकून कप्तानाला आमचं वेळापत्रक आमच्याइतकंच माहीत झालं होतं. एवढी मोकळी वेळ त्या आठवड्यात दुसरी नव्हती. त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच सावकाश. नांगराची साखळी तुटली आहे. जहाज उत्तरेला वाहतं आहे. ताबा सुटल्याची खूण म्हणून दोन काळे गोळे वर चढवले आहेत.

त्यानंतरची सत्तर मिनिटं काकांनी जे काम केलं तसं मी आजवर पाहिलेलं नाही. एकदाही आवाज चढला नाही. बाहेरच्या जहाजाला तिथेच थोपवलं, गॅसवाल्याला वेग कमी करायला सांगितला, मच्छीमारांच्या दोन होड्या बाजूला काढल्या, साहेबांना फोन, टगला फोन, वाऱ्याचा आणि ओहोटीच्या ओढीचा हिशोब करून ठिपका किती वाजता कुठे असेल ते टगवाल्याला आधीच सांगितलं. एकच गोष्ट बिघडली. गॅसवाल्याच्या कप्तानाने घाबरून इंजिन एकदम उलटं टाकलं आणि त्याचं जहाज दुभाजक पट्ट्यात आडवं झालं. कोणाला इजा झाली नाही. पण गॅसचं जहाज आडवं होणं ही साधी गोष्ट नसते.

दुपारी दोनच्या आत खताचं जहाज धक्क्याला लागलं. नऊ महिने ज्याला कोणी विचारलं नाही, त्याच्यासाठी सव्वा तासात टग आली, कारण आता ते वाटेत आलं होतं. डॉक्टर आले, परवान्याचे अधिकारी आले, छायाचित्रं निघाली. बारा दिवसांत दहा माणसं आपापल्या घरी रवाना झाली. मागे दोघं राहिले, कप्तान आणि सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. साखळी तपासणाऱ्यांना कडी तुटलेली दिसली नव्हती. जोडाची खीळ हातोडीने ठोकून काढलेली होती, आणि साखळी सारंगच्या ताब्यातली.

चौकशी बंदराच्या कचेरीत बसली. तीन अधिकारी, लांब टेबल, भिंतीवर आमच्याच मार्गिकांचा मोठा नकाशा. साक्षीला सकाळी काकांची पाळी होती, दुपारनंतर माझी. वायरलेसचं रेकॉर्डिंग आमच्याकडे तीस दिवसच ठेवतात, त्यावर नवं चढतं. त्या सकाळच्या प्रश्नाला तोवर दोन महिने होत आले होते. म्हणजे ते बोलणं आता फक्त तिघांना माहीत होतं: कप्तानाला, काकांना आणि मला.

अधिकाऱ्यांनी काकांना विचारलं, की नांगर सोडण्याबद्दल किंवा मार्गिकेत जाण्याबद्दल कप्तान आधी कधी बोलला होता का.

काका म्हणाले, “नाही.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने रजिस्टरमध्ये एका मिनिटाची चूक लिहिली नव्हती. बाहेर येऊन ते माझ्या शेजारच्या बाकावर बसले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “तुला जे आठवतं ते तू सांग. माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस.”

मी काय सांगणार होते ते मला अजूनही ठरवता येत नाही. ठरवायची वेळच आली नाही. त्यांच्यानंतर कप्तानाला पलीकडच्या दाराने आत नेलं, आम्हाला तो दिसला नाही. सारंगला अटक होणार आणि त्याची घरी जायची परवानगी अडणार, हे त्याला सकाळीच कळलं होतं. त्याने आत जाऊन सगळं सांगून टाकलं. साखळी तुटली नाही, मी सोडायला लावली. सारंगने फक्त हुकूम पाळला. आणि केंद्रावर ठपका येऊ नये म्हणून त्याने पुढे हेही सांगितलं, की मी केंद्राला आधी विचारलं होतं, केंद्राने मला नियम वाचून दाखवला आणि स्पष्ट इशारा दिला, केंद्राचा यात काही दोष नाही.

काकांना वाचवायला म्हणून तो बोलला, आणि त्याच बोलण्याने काका खोटे ठरले. त्यांनी खरं सांगितलं असतं तर त्यांच्यावर काहीच येत नव्हतं. ते कप्तानासाठी खोटं बोलले, कप्तानाने त्यांच्यासाठी खरं सांगितलं, आणि दोघंही तोंडघशी पडले.

दुपारी मला विचारलं तेव्हा अधिकाऱ्यांना फक्त दुजोरा हवा होता. मी म्हटलं, हो, असं बोलणं झालं होतं. सही केली.

सारंग त्याच आठवड्यात घरी गेला. कप्तानावर वाहतूक धोक्यात घातल्याचा खटला उभा राहिला आणि निकालापर्यंत त्याला शहर सोडायला मनाई झाली. काकांची रडारवरून उचलबांगडी झाली. तळमजल्यावर नकाशे दुरुस्तीची खोली आहे, तिथे त्यांना बसवलं. कुठे नवा दिवा लागला, कुठे गाळ साचला, ते आलेल्या पत्रकांवरून नकाशांवर उतरवायचं. निवृत्तीला अडीच वर्षं होती. माझ्याशी ते पहिल्यासारखेच बोलत. मलाच त्यांच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

खलाशांच्या संस्थेच्या एका खोलीत कप्तानाला ठेवलं होतं. एका रविवारी काका मला घेऊन त्याला भेटायला गेले. लोखंडी खाट, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला शर्ट. आवाजावरून मी दणकट माणूस डोळ्यांपुढे आणला होता. समोर किरकोळ अंगाचा, चष्मा लावलेला, साठीचा गृहस्थ. त्याने आम्हाला ओळखलं नाही. काकांनी नमस्कार केला, आणि आवाज ऐकताच तो उठून उभा राहिला आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरला.

नऊ महिने रोज बोललेली माणसं, पण समोरासमोर त्यांना बोलता येईना. एकाचं वाक्य संपलं की दुसरा थोडा थांबायचा, वायरलेसवर थांबतात तसा. कप्तानाने माफी मागितली. काकांनी मान हलवली. मग काकांनीही माफी मागितली, आणि कशाबद्दल ते कप्तानाला कळलं नाही.

“तुम्ही वाचलेला नियम बरोबर होता,” कप्तान म्हणाला. “तीन तासांच्या आत.”

“एक तास दहा मिनिटं,” काका म्हणाले.

कप्तानाच्या बायकोचं त्या हिवाळ्यात ऑपरेशन होतं. त्याने जायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. काकांनी साहेबांना भेटून रदबदली करायचा प्रयत्न केला. साहेब सौजन्याने बोलले. म्हणाले, तुमचा शब्द आता आमच्याकडे चालत नाही, हे तुम्हीही समजून घ्या. ऑपरेशन पार पडलं, ती बरी झाली, पण ते फोनवर ऐकण्याखेरीज कप्तानाच्या हातात काही नव्हतं. अकरा महिन्यांनी निकाल लागला. जहाज चालवायचा परवाना रद्द, आणि भोगलं तेवढं पुरे म्हणून सुटका. तो गेला त्या दिवशी काकांना कामावरून सुटी मिळाली नाही.

या सगळ्यातून बंदराने धडा घेतला. समिती बसली, पुन्हा नकाशे मांडले गेले, आणि नवा नियम निघाला: ज्या जहाजाचा मालक सापडत नाही किंवा ज्याच्याकडे पुरेसं डिझेल नाही, त्याला मार्गिकेजवळ थांबू द्यायचं नाही. त्यासाठी बारा मैल बाहेर एक वेगळी जागा आखली. तिथून जहाज वाहत गेलं तरी कोणाच्या वाटेत येत नाही. नियम म्हणून त्यात खोट काढता येत नाही. त्या जागेच्या दुरुस्तीचं पत्रक तळमजल्यावर आलं, आणि काकांनी ती तुटक रेघांची चौकट जांभळ्या शाईने नकाशावर स्वतः काढली. शिफ्ट संपवून मी खाली गेले तेव्हा ते शाई वाळायची वाट बघत होते. मला म्हणाले, काम चोख झालंय, बघ. मी बघितलं. झालं होतं.

ते निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं. सकाळची शिफ्ट माझी असते. बाहेरच्या त्या चौकटीत सध्या दोन जहाजं आहेत, एकावर नऊ माणसं, एकावर चौदा. इतक्या लांबून आवाज फाटका येतो. वारा असला की अर्धं बोलणं जातं. मागच्या महिन्यात काकांकडे गेले होते तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी तिथे पाणी किती खोल ते विचारलं, मग जहाजं कुठल्या बनावटीची ते विचारलं. काकूंनी चहा आणला. कप संपवून काका म्हणाले, “त्यांनी काही विचारलं, तर तू काय सांगतेस?”

मी म्हटलं, संदेश पुढे पाठवते म्हणून सांगते.

त्यांनी मान डोलावली. मग काकूंनी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि आम्ही बराच वेळ त्याबद्दलच बोलत बसलो.